साठची लेन्स आणि विहिरीतली मोटार

मित्रांनो, आज दुपारचीच गोष्ट आहे.

पाण्याखालचे बारीक जीव टिपायला मला मॅक्रो लेन्स घ्यायची आहे. साठ मिलिमीटरची की शंभरची, हे ठरत नव्हतं. सांगलीच्या मित्राने दोन्ही वापरून बघायला दिल्या, म्हणून पलूसला काकांच्या विहिरीत उतरलो. पाणी गढूळ. शंभरची लांबून टिपते, त्यामुळे सगळं धुरकट आलं. वर येऊन साठची लावली. तिला वीतभर जवळ जावं लागतं.

पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपाला तळाशी जाळी असते. तिच्यावर नखाएवढी कोळंबी बसली होती. श्वास रोखून बुडी मारली, अगदी जवळ गेलो, फोटो काढला आणि पाइप घुमू लागला. जाळीने कॅमेऱ्याचा पट्टा ओढून धरला. पट्ट्यात माझं मनगट होतं. ओरडताही येईना. बोटं जुळवून कसाबसा हात सोडवला आणि वर आलो.

काकांनी धावत येऊन मोटार बंद केली. "आरं येड्या, मोटार ऑटोवर हाय! लाइट आली की आपसूक चालू हुती."

"मला वाटलं, या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे."

"आठवडा बदलला न्हवं! कोळंबीपायी जीव द्यायचा व्हय रं?"

कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीची रबरी रिंग मी तीनदा तपासली होती. मोटारीचं बटण एकदाही नाही.

फोटो सुरेख आलाय, कोळंबीचे डोळेसुद्धा दिसतात. मला तो बघवत नाही.

उद्या एक लेन्स परत द्यायची आहे. चांगली साठचीच, हे कळलं. पण तिच्यासाठी पुन्हा तेवढं जवळ जावं लागेल. खरं सांगा, तुम्ही कुठली ठेवली असती?