चार बोटं खाली

ती जुनी जर्मन गाडी मी हैदराबादहून आणली तेव्हा चांगली उंच होती. पण ओळखीतल्या एकाची गाडी जमिनीला चिकटून चालायची आणि लोक वळून बघायचे. मला तेच हवं होतं. नांदेडच्या मिस्त्रीनं आधी नकार दिला. स्प्रिंगा एकदा कापल्या की पुन्हा जोडता येत नाहीत, त्यात असे पातळ टायर बसवले तर आपल्या रस्त्यांवर गाडीचं पोट घासणार, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "तुला कापायला सांगितलंय, शिकवायला नाही." तो वयानं माझ्याहून मोठा होता. त्यानं ग्राइंडर चालू केला. गाडी चार बोटं खाली बसली.

आठवड्यानं आत्या गेली. तिला निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावात दिलं होतं. माझे वडील, आबा, तिचा एकुलता भाऊ. आमच्याकडे माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. आबांनी हिरवं लुगडं घेतलं, पिशवी छातीशी धरली आणि मागच्या सीटवर बसले. बसले कसले, टपाला धरून खड्ड्यात उतरावं तसे उतरले. दोन्ही गुडघे गेलेले. बायको म्हणाली होती, भाड्याची जीप करा. मी ऐकलं नाही. आत्याच्या गावानं गाडी बघावी असं मला वाटत होतं. मयताला जाताना.

लातूरपर्यंत रस्ता बरा होता. निलंग्यापुढच्या आतल्या रस्त्यावर मात्र प्रत्येक गावानं अपघातानंतर स्वतःच मुरूम-सिमेंट टाकून गतिरोधक केलेले, बांधासारखे उंच. पहिल्यावरच खालून खरवडल्याचा आवाज आला. मी वाकून गाडीचं पोट तपासलं आणि मागचं दार उघडलं.

"आबा, उतरा. वजन कमी होऊ द्या."

ते उतरले. मी गाडी तिरपी करून पलीकडे नेली. ते भर उन्हात पिशवी घेऊन चालत आले आणि पुन्हा खाली बसले. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्यात तेच. दर वेळी उठायला त्यांना दोन-तीन झटके द्यावे लागत. मी हात दिला नाही. माझं लक्ष बंपरवर होतं. एका हॉटेलासमोर बाकावरचा एक जण म्हणाला, "काय आजोबा, ढकलायला ठेवलंय का तुम्हाला?" बाकीचे हसले.

आबा म्हणाले, "पोराची गाडी हाय. घासती."

आतेभावाचा फोन येत होता. मामा कुठवर आले, दिवस मावळायच्या आत उचलावं लागेल. मी पोचतोच म्हणत राहिलो. आबांनी एकदाच विचारलं, "अजून किती हाईत रं?"

"मोजायला बसू का आता?" मी म्हणालो.

पोचलो तेव्हा आत्याला नेलं होतं, अंगणात पाणी शिंपडलेलं होतं. मसणवाटा शेताच्या कडेला. गाडी तिथं जाणार नव्हती. आबा बांधावरून जमेल तसे पळाले. चिता पेटलेली होती. आत्याच्या अंगावर जावेनं आपलं लुगडं घातलं होतं. परत फिरणाऱ्या बायकांतली एक जण आबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ असून बिनमाहेरची गेली." आबांनी पिशवी उघडलीच नाही. आतेभाऊ त्यांच्याशी बोलला नाही. माझ्या गाडीकडे कुणी बघितलं नाही.

रात्री राहायला आबांना तोंड नव्हतं. आम्ही लगेच निघालो. पहिला गतिरोधक आला तसा मी वेग कमी केला. मी काहीच म्हटलं नव्हतं. आबांनी आपणहून दार उघडलं, पिशवी काखेत धरली आणि झटके देत उतरले.

बसा, असं म्हणता आलं असतं. मी गाडी तिरपी केली आणि हळूच पलीकडे काढली. खाली कुठं घासली नाही.