लॉर्नला कुणी काही विचारलं नाही

लॉर्न केरेलुक गेला तेव्हा इथल्या पेपरात चार ओळी आल्या. त्यात त्याला 'नट' म्हटलं होतं. नट तो उणीपुरी दोन वर्षं होता. पुढची चोवीस वर्षं तो आमच्या बर्नबीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर ते काम त्यानं जास्त मन लावून केलं. माझं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढचं कुंपण, तिन्हींचे रंग त्यानं मिसळलेत. पेपरवाल्यांना कोण सांगणार?

मी ग्वेन टेव्झ. शाळेच्या उपाहारगृहात तीस वर्षं सूप वाढलं, आता घरी बसून असते. घरी बसून काय करते, तर 'द ब्रॅम्बल'च्या चाहत्यांचं पान चालवते. म्हणजे चालवायची. लॉर्नच्या मरणात माझा वाटा आहे, आणि तो काही खारीचा नाही.

'द ब्रॅम्बल' ही मालिका नव्वदीच्या दशकात इथल्याच एका गोदामात पुठ्ठ्याचं अवकाशयान उभं करून काढली होती. मालवाहू यान, जुनाट, कायम कुठून तरी गळणारं. एकतीस भाग झाले आणि कंपनीनं गाशा गुंडाळला. फार कुणी पाहिली नाही, पण ज्यांनी पाहिली ते कामातून गेले. आम्ही स्वतःला खलाशी म्हणवतो. जगभरात चारेक हजार खलाशी असतील. दरवर्षी मे महिन्यात विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दोनशे-अडीचशे जण जमतात. माझी बहीण म्हणते, साठी उलटली तरी तुझं बालपण संपेना. म्हणू दे. तिला बागेतल्या गोगलगायी मोजण्यात आयुष्य घालवायचंय, मी कधी काही बोलले का?

लॉर्न त्यात टोबर झाला होता, यानाचा मिस्तरी. अंगभर खवले आणि तोंडावर रबरी मुखवटा, चढवायला चार तास. त्यामुळे झालं काय, की लॉर्नचा चेहरा कुणी पाहिलाच नाही. रस्त्यात कुणी ओळखायचं नाही. पुढे एकही काम मिळालं नाही, कारण ज्याचं तोंड दिसलंच नाही त्याला कोण बोलावणार? राहिला तो आवाज. जुन्या लाकडी खुर्चीसारखा आवाज होता त्याचा, थोडा करकरणारा, पण ऐसपैस. काउंटरवर तो गिऱ्हाइकाला नुसतं विचारायचा, "मॅट देऊ की चकाकीचा?" आणि कधीतरी एखादा माणूस डब्यावरून मान वर करून म्हणायचा, "थांबा, तुम्ही टोबर ना?" अशा दिवशी लॉर्न मला फोन करायचा. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा.

मालिकेत कप्तान विचारायचा, "गळतंय का?" आणि टोबर म्हणायचा, "गळतंय. पण बुडत नाही." आमच्या मेळाव्यात तो मंचावर आला की सगळं सभागृह ओरडायचं, "गळतंय", आणि तो एकटा उत्तर द्यायचा, "पण बुडत नाही." पंचवीस वर्षं दर मे महिन्यात हेच. आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा, आता लपवून काय करू.

शेवटच्या भागात टोबर सगळ्यांना वाचवण्यासाठी इंजिनाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. दारावर आतून तीन थापा पडतात आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग निघालाच नाही. लेखकानं लॉर्नला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी पहिल्याच दृश्यात दार उघडेल आणि टोबर बाहेर येऊन विचारेल, सूप उरलंय का. लॉर्न एकदा माझ्याकडे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खायला आला होता, तेव्हा काट्यानं ताटलीतला कांदा बाजूला सारत म्हणाला, "पंचवीस वर्षं तो बिचारा आत थापा मारतोय, ग्वेन. मरायच्या आत त्याला बाहेर काढायचंय मला. बस, एवढंच."

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. नटाला कधी काही विचारायचं नाही. नवं काम चालू असेल तर कंपनी त्यांच्याकडून गुप्ततेचा करार लिहून घेते; कुणी विचारलं आणि तो नुसता हसला, तरी काम जातं म्हणे. कुणाचं असं गेलं होतं, हे कुणालाच धड ठाऊक नाही, पण प्रत्येक चाहत्याला ती गोष्ट पाठ असते. म्हणून आमच्या पानावर सगळ्यात वर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: विचारायचं नाही. आणि याच रीतीची दुसरी बाजू अशी, की एखादा नट 'नाही' म्हणाला तर ते 'हो' धरायचं. गप्प बसला तर अगदी पक्कं 'हो'.

त्या जानेवारीत हरजोतनं मला एक फोटो पाठवला. हरजोत आमच्यातलीच, पूर्वेकडच्या एका बेकरीत केक सजवते. बेकरीसमोर एक ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे. फोटोत लॉर्न त्या दारातून बाहेर पडत होता, बगलेत थर्मास आणि हातात कागदांची जाडजूड चळत. हरजोतनं लिहिलं होतं, "तीन दिवस सलग येतोय. रोज चार तास. ग्वेन, मला हुडहुडी भरलीय."

मलाही भरली. पंचवीस वर्षं जो माणूस स्टुडिओतल्या माइकसमोर उभा राहिला नाही, तो तीन दिवस कागद घेऊन आत जातो म्हणजे काय? आमच्यात आधीपासून कुजबुज होतीच की 'ब्रॅम्बल' पुन्हा आणायची तर कार्टूनसारखी चित्रांतूनच येईल. कप्तान आता काठी घेऊन चालतो, डॉक्टरीण झालेली बाई आजी झाली. चित्रात कुणी म्हातारं होत नाही, आवाज तेवढा हवा. मी फोटो पानावर टाकला. खाली लिहिलं, "पुरावा क्रमांक एक." दोन आठवड्यांत सतरा पुरावे झाले. विनिपेगच्या एकानं तर जुन्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या कागदांवरून मालिकेचे हक्क नव्या कंपनीकडे गेल्याचं शोधलं आणि मुहूर्त काढला: ध्वनिमुद्रण वसंत ऋतूत. पराचा कावळा म्हणतात तो असा, आणि पर माझ्या हातून सुटलं होतं.

लॉर्न इंटरनेटच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. पण दुकानात येऊन लोक डोळे मिचकावायला लागले, तेव्हा त्याच्या कानावर गेलंच. फेब्रुवारीच्या मध्याला मी रंग आणायच्या निमित्तानं गेले. निमित्तच ते, घरातल्या भिंतींना काही झालं नव्हतं.

"या कप्तानीणबाई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. मला वाटलं, फार बोलून बोलून बसला असणार.

"आवाज जप जरा," मी म्हटलं.

"सर्दी आहे." त्यानं डबा हलवायच्या यंत्रात ठेवला आणि ते खडखडायला लागल्यावर माझ्याजवळ वाकला. "ग्वेन, तुम्ही लोक जे बोलताय, ते पक्कं आहे?"

आता मी काय केलं? मी मूर्ख बाई हसले. मला वाटलं, करारानं तोंड बांधलंय बिचाऱ्याचं, मजा घेतोय. मी म्हटलं, "मी तुला काही विचारणार नाही, आणि सांगणारही नाही. आपण दोघंही शहाणे आहोत."

"पण खात्रीचं आहे?"

"दगडावरची रेघ."

"आणि वसंतात?"

"एप्रिल, फार तर मे. तू तयारीत राहा म्हणजे झालं."

त्यानं यंत्र बंद करून डबा बाहेर काढला. मग म्हणाला, "मे म्हणजे तीन महिने," आणि झाकणावर हातोडी ठोकून डबा माझ्यापुढे सरकवला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, बघा, लपवता येत नाहीये गड्याला.

मेच्या मेळाव्याला आजवरची सगळ्यात जास्त गर्दी झाली. लॉर्न आला तो गळ्याभोवती रुमाल गुंडाळून, कोट खांद्यावरून उतरायला लागलेला. वाळला होता. हरजोत म्हणाली, "भूमिकेसाठी वजन उतरवलंय." मी तिला म्हटलं, "अगं, चित्रमालिका आहे, वजन कशाला?" पण डोक्यात उजेड काही पडला नाही.

तो मंचावर गेला. सभागृह ओरडलं, "गळतंय."

त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. मग त्यानं बोटं गळ्यावर ठेवली आणि हळूच मान हलवली. नाही.

आणि लोक वेडे झाले. उठून उभे राहिले, बाकं बडवली, एक बाई तर रडायलाच लागली. तो बोलत नाही म्हणजे करार झालाय. मान हलवतोय म्हणजे पक्कं. पाच मिनिटं टाळ्या चालल्या होत्या. मीही वाजवल्या. तो मंचावरून गर्दीत कुणाला तरी शोधत होता, आणि मला दिसल्याबरोबर त्यानं बाहेर ये म्हणून खूण केली.

बाहेर बोळात, बर्फाचे खडे देणाऱ्या यंत्रापाशी आम्ही उभे राहिलो. तो कुजबुजत होता, मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"आता तरी सांग. कधी बोलावणार ते मला? घशात फार दिवस उरले नाहीत."

"कोण बोलावणार?"

"कंपनी. तुला कुणी सांगितलं होतं?"

"मला कोण सांगणार, लॉर्न? तूच जाऊन आलास ना."

"कुठे?"

मी फोन काढून फोटो दाखवला. पुरावा क्रमांक एक. त्यानं चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"घसा काढणार आहेत माझा," तो म्हणाला. "गाठ आहे. नंतर आवाज राहत नाही. आधी भरून ठेवला तर यंत्र तुमच्याच आवाजात बोलतं. दवाखान्यानं सोळाशे वाक्यं दिली होती. घरी खालून ट्रक जातात, म्हणून एका ओळखीच्यानं स्टुडिओ दिला."

"कधी आहे ऑपरेशन?"

"फेब्रुवारीत होतं. मी पुढे ढकललं. डॉक्टर नको म्हणत होते."

"का ढकललंस? आणि मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं आणि कंपनीच्या कानावर गेलं असतं, तर टोबर दुसऱ्याला दिला असता त्यांनी." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही सगळे इतक्या खात्रीनं बोलत होतात, ग्वेन. मला वाटलं, एकदा त्याला दारातून बाहेर काढतो, मग घ्या म्हणावं घसा."

आतून अजून टाळ्यांचा आवाज येत होता.   

जूनमध्ये घसा काढला. तोवर कॅन्सर खाली फुप्फुसात उतरला होता. नोव्हेंबरात तो गेला. मी दर गुरुवारी जायची. त्या यंत्रातून तो त्याच्याच आवाजात बोलायचा, "उशी जरा वर कर", "मला पाणी हवंय", "आज पाऊस आहे का". त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी फोटो काढून टाकला होता, पण तोवर तो चार हजार लोकांकडे पोचला होता. लॉर्न गेल्याची बातमी आली, दोन दिवस सगळे रडले, आणि तिसऱ्या दिवशी विनिपेगवाल्यानं लिहिलं: तीन दिवसांचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे, म्हणजे आवाज त्यांच्या हातात आहे, म्हणजे मालिका येणारच. हळूहळू सगळे तेच म्हणू लागले. कुणीतरी लॉर्नच्या मुलीचा पत्ता शोधून काढला आणि तिला पत्रं जायला लागली, बाबांचा आवाज अडवून ठेवू नका म्हणून.

ती मुलगी, केंड्रा, चार तासांवरच्या कॅमलूप्सहून गाडी चालवत माझ्या दारात आली. लहानपणी ती मला ग्वेन आंटी म्हणायची. त्या दिवशी मिसेस टेव्झ म्हणाली. आत या म्हटलं तर आली नाही.

"त्या रेकॉर्डिंगमध्ये 'मला पाणी हवंय' आहे," ती म्हणाली. "'माझं दुखतंय' आहे. हे दाखवायचंय का तुमच्या लोकांना? एकदा, मिसेस टेव्झ, एकदा तरी बाबांना सरळ विचारायचं होतंत."

"आमच्यात विचारत नाहीत," मी म्हटलं. 

"हो. बाबाही तेच सांगायचे."

ती गेल्यावर मी बसले आणि सगळं लिहून काढलं. गाठ, सोळाशे वाक्यं, पुढे ढकललेलं ऑपरेशन, फोटो मी टाकला होता हेसुद्धा. मालिका नाही, कधी नव्हती, कंपनीनं कुणालाही बोलावलेलं नाही. एक शब्द झाकला नाही. पानावर टाकलं आणि सर्वात वर चिकटवलं.

दहा मिनिटांत विनिपेगवाल्याचं उत्तर आलं. संध्याकाळपर्यंत त्याखाली साडेतीनशे जणांनी पसंतीचा अंगठा दिला, त्यात हरजोतचाही.

"समजलो, ग्वेन," त्यानं लिहिलं होतं. "तुझ्यावर किती दडपण असेल याची कल्पना आहे. आम्ही काही विचारणार नाही."