चुन्याचे पट्टे

फाट्यावर पानटपरी चालवणाऱ्या कमलमावशींमुळे मी धडधाकट आहे. गावापासून लांब कंपनीत नुकताच लागलो होतो. रस्त्यावर नवा गतिरोधक झालाय हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यावर पट्टेही नव्हते. मोटारसायकलवरून उडालोच असतो. पण मावशी तिथे पानाचा चुना कालवून पट्टे ओढत होत्या. पांढरं दिसलं म्हणून ब्रेक दाबला.

"सरकारनं नवरी उभी केली, हळद लावायची राहिली," त्या म्हणाल्या. "अर्ज दिलाय. तोवर तुझ्यासारखी पोरं पडायची थांबतात का?"

पट्टे पुसले की मावशी पुन्हा ओढतात, येणाऱ्या ट्रककडे पाठ करून. आता मला त्या पाठीची काळजी वाटते. मी सातवीत शाळा सोडली, पण सरळ रेघ मला येते. एक दिवस त्यांच्या हातातली बादली मी घेईन. त्यांनी टपरीत बसून माझ्या रेघांना नुसती नावं ठेवावीत.