जिंकत आलेला डाव

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत तो माझ्या शेजारी बसला होता. साठीचा माणूस, डोक्यावर जाळीची टोपी. पलीकडे दोघांनाही मुरुडची एसटी पकडायची होती. मोबाईलवर कॅरमचा गेम सुरू करायचा त्याचा आटापिटा चालला होता. आधी जाहिरात आली. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की त्याचं जाड बोट दर वेळी जाहिरातीवरच पडायचं. मग गेमने रोजचं बक्षीस गळ्यात मारलं.

"टीव्हीला जोडायचे गेम होते ना, तेव्हापासून खेळतोय मी," तो वैतागून म्हणाला. "कॅसेट फुंकायची, घालायची, खेळ चालू. हा नुसता सलाम करत बसतो."

"मग काढून टाका की," मी म्हणालो.

"कसा काढू? समोर मुलगा हाय, कतारला. घरी फोन करायला त्याला वेळ न्हाय, शुक्रवारी कॅरम खेळायला हाय."

अखेर डाव लागला. त्याने राणी घेतली, दोनच सोंगट्या उरल्या, आणि खाडीच्या मधोमध रेंज गेली. धक्का जवळ येताच फोन वाजला. तुम्ही डाव सोडलात, तुम्ही हरलात. खाली मुलाचा मेसेज: 'अब्बा, पळालात ना!'

"पळालो? मी?" त्याने तिथल्या तिथे कतारला फोन लावला.

मी एसटीत बसलो, तरी तो खिडकीखाली उभा राहून मुलाशी राणीवरून भांडत होता. कंडक्टरने घंटी मारली. मी त्याला हाक मारली, तर फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "एकदम भिकार गेम हाय!" आणि हसत हसत, जा तुम्ही, अशी खूण केली.