बोअरच्या पाइपाची तोफ

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. तुम्ही मला माफ करायचा प्रश्नच येत नाही, आणि तेच बरं आहे.

मी किसन. गाव मिरजगाव. उमेदीची वर्षं हवाई दलात गेली, विमानांचा फिटर म्हणून. मी लढाऊ विमानांना तोफा बसवायचो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रजेवर आलो की स्टँडवरच्या हॉटेलात पोरं भोवती जमायची, आणि मी रंगवून सांगायचो.

खरं काय? मी तोफा काढायचो.

टेहळणीचं विमान काही वेगळं जन्माला येत नाही. निदान आमच्याकडे येत नव्हतं. लढाऊ विमानच घ्यायचं, वेगाला पारखलेलं, आणि त्याचं नाक उघडायचं. तोफ काढायची, गोळ्यांची पेटी काढायची. त्या रिकाम्या जागेत कॅमेरे बसवायचे, बाजूला आणि खाली काचेच्या खिडक्या करायच्या. मग वजन जुळवायचं, कारण तोफ जड, कॅमेरे हलके, आणि नाक हलकं झालं की विमानाचा तोल बिघडतो. मी काढायचो आणि युनूस बसवायचा. युनूस बेलापूरचा, आपल्याच जिल्ह्यातला, कॅमेऱ्यांचा माणूस. वर्षानुवर्षं आम्ही दोघं एकाच नाकात डोकं घालून काम केलं, एका डब्यात जेवलो.

आणि ते विमान घेऊन जाणारा वैमानिक? त्याच्या हाताशी काहीच नसायचं. खालून मारा होत असताना त्यानं सरळ रेषेत उडायचं, कारण विमान हललं की फोटो पुसट. मग फिल्म घेऊन परत यायचं. बस. एकदा एक साहेब शेपटीला भोक पाडून घेऊन उतरले. जमिनीवर पाय टेकायच्या आधी त्यांनी युनूसला विचारलं, "फिल्म शाबूत आहे ना?" युनूस हा प्रसंग सांगताना प्रत्येक वेळी रडायचा. लढाईत विमानं पहिल्यांदा गेली ती बघायलाच, बंदुका मागून आल्या, असंही तो सांगायचा. अभिमानानं सांगायचा. मला मात्र — लाज वाटायची. तोफ काढणाऱ्याची गोष्ट कोण ऐकणार?

तर, काही वर्षांपूर्वी आमच्या गावाला एक निवृत्त विमान मिळालं. हायवेला लागून चौथरा बांधला होता. ट्रेलरवरून विमान उतरलं आणि मी आधी नाकाशी गेलो. नाकाला खिडक्या होत्या. आमच्याच हातचं काम.

सरपंच विमानाभोवती फिरले. मला म्हणाले, "आबा, तोफ कुठंय वो ह्याची? आन् ह्या काचा कशाला?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, "तोफ काढून घेतात देताना. नियम आहे. काचा दिव्यांच्या." आणि तेवढ्यावर थांबलो का? नाही. वेल्डरला मीच बोलावलं. खिडक्यांवर पत्रा मारून घेतला. बोअरच्या पाइपाचे दोन तुकडे कापून नाकाखाली बसवले, वर रंग दिला. लांबून हुबेहूब तोफा. लोक खूश, मीही खूश. खोटं का बोलू — मला फार आनंद झाला होता.

उद्घाटनाला युनूस आला. मी बोलावलं नव्हतं, पेपरात विमानाचा नंबर वाचून त्याला कळलं असावं. एसटीनं आला, शमीमभाभींना घेऊन. लग्न झाल्यापासून भाभी त्याच्या तोंडून त्या खिडक्यांबद्दल ऐकत होत्या. खिडक्या भाभींना दाखवायच्या, एवढ्यासाठी तो दोन गाड्या बदलून आला होता. चौथऱ्यावर चढून त्यानं नाकावरून हात फिरवला. परत फिरवला. मग सगळ्यांसमोर मला विचारलं,

"किसन, खिडकी कुठंय?"

आसपासचे लोक थांबले. तो त्यांना सांगू लागला की हे फोटो काढणारं विमान आहे, याला तोफ नव्हतीच, इथं माझा कॅमेरा बसायचा. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. "आबा, पाव्हणे काय म्हनत्यात? ह्ये फोटूचं इमान हाय व्हय?"

मी हार घालून उभा होतो. मी म्हणालो, "त्यांची काहीतरी गल्लत होतेय. ते फोटो धुवायचे. त्यांना विमानातलं काय कळणार?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "लग्नाचं फोटू काढत आसत्याल." लोक हसले. मीही हसलो — हे लिहायला सगळ्यात जड जातंय. शमीमभाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या माणसाला नव्यानं पाहावं, तसं. युनूस चौथऱ्यावरून उतरला. बायकोला म्हणाला, "चल." दोघं जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

त्यानंतर मी फोन केले का? केले, चार-दोनदा. त्यानं उचलले नाहीत, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

यंदा सरपंचांनी विमान नव्यानं रंगवायचं काढलं. नाकावर शार्कचे दात काढायचे, आणि चौथऱ्यावर माझा सत्कार करायचा. बैठकीत मी उठलो आणि विमानाचं खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं होतं, गोंधळ होईल. सरपंच शांतपणे म्हणाले, "आबा, ऱ्हाऊ द्या आता. लई वर्सं झाली. पोरांना तोफच आवडती." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे गावाला खोटं चालणार होतं, फक्त मी गप्प बसायचं! मी नाही बसलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ग्राइंडर घेऊन चौथऱ्यावर चढलो आणि दोन्ही पाइप कापले. पत्रेही उचकटले. खाली माणसं जमली, शिव्या घालू लागली. म्हातारा भ्रमिष्ट झाला, म्हणाले. म्हणा. सत्कार रद्द झाला. होऊ दे. अजूनही काही जण रस्त्यात तोंड फिरवतात, आणि मी मुद्दाम त्यांच्या समोरून जातो.

मग मी बेलापूरला गेलो. ताठ मानेनं गेलो, हे कबूल करतो. काहीतरी फेडून टाकल्यासारखं वाटत होतं. युनूस ओट्यावर बसला होता, खूप वाळलेला. मी सगळं सांगितलं. बैठक, ग्राइंडर, शिव्या. मोबाईलवर उघड्या खिडक्यांचा फोटो काढून नेला होता, तो दाखवला. त्यानं फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मला कशाला दाखवतोस?" तो म्हणाला. "मला माहीतच होतं. खोटं तू तिच्यापुढं बोललास. तिला दाखव."

मी विचारलं, "भाभी आत आहेत?"

"गेली. ईदच्या आधी."

मी मोबाईल खिशात घातला. मग तोच म्हणाला, "त्या दिवसापासून तिनं विमानाचं नाव काढलं नाही. मीही नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही."

पोरं तेव्हा तोफाच मागत होती, लोकांना तेच हवं होतं, असं मला म्हणता येईल. म्हणणार नाही. मला कोणी पढवलं नव्हतं. एक बाई आपला नवरा आयुष्यभर थापा मारत आला असं समजून गेली असेल. नसेलही. ते त्याला माहीत नाही, मलाही नाही, आणि आता कोणाला कळणारही नाही.

ते मी केलं. किसननं, मिरजगावच्या.