नांदतं गाव

मी जिंतूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, तेव्हा बाहेरगावचा फोन थेट लागत नसे. गिऱ्हाइकानं आम्हाला सांगायचं, आम्ही परभणीला, परभणीनं पुढं. यात ऑपरेटरला नाव नसायचंच. "सेलू बोला", "मानवत, लाइन द्या", असं गावाच्या नावानंच हाक मारायची. मला त्याची इतकी सवय लागली होती की दवाखान्यात कंपाउंडरनं नाव विचारलं तर मी ठणकावून "जिंतूर" सांगितलं. तो बिचारा लिहूनही घेत होता.

दुपारी कापसाचे भाव विचारणारे व्यापारी जेवून आडवे व्हायचे आणि बोर्ड शांत पडायचा. मग परभणीची बाई आमच्या सगळ्यांच्या लाइनी एकमेकींत जोडायची. नियमात बसत नव्हतं, पण नियम करणारेही त्या वेळी घोरतच असणार. परभणी, सेलू, मानवत आणि मी, अशा चौघी तासभर बोलायचो. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा मराठवाड्यात वातावरण तापलेलं. आडनाव कळलं की लोक माणसाचं बाकी सगळं स्वतःच ठरवून मोकळे व्हायचे. आमच्या लाइनवर आडनाव नव्हतंच, त्यामुळं भांडणंसुद्धा लोणच्यात मीठ किती यावरून व्हायची.

लाइनवरची जिंतूर भारी चावट होती. साहेबांच्या नकला करायची, हसून हसून दुसऱ्यांना खोकला आणायची. घरची मी वेगळी होते. नवरा याच खात्यात लाइनमन होता. तो खांबावरून पडून गेला आणि त्याच्या जागी मला लावून घेतलं. तेव्हापासून गल्लीत मी 'बिचारी' झाले. कुणी मोठ्यानं हसत असलं तरी मला बघून गप्प व्हायचं. त्या तिघींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते, कुणी विचारलंच नव्हतं.

एका संक्रांतीला सेलू म्हणाली, "आमच्या घरी हळदी-कुंकू हाय. तिघी बी या. जिंतूर, तू यायलीस का न्हाई?"

हळदी-कुंकवाला मोकळ्या कपाळानं जायचं कसं? एकदा त्यांनी मला पाहिलं की लाइनवरही कीव सुरू होणार, आणि मग मला हसायला जागाच उरणार नाही, याची खरी भीती होती. टिकली लावून जावं, असंही मनात आलं. पण मग तिथं जाणारी तिसरीच कुणीतरी असती. शेवटी ड्युटी बदलून घेतली आणि आहे तशीच एस.टी.त बसले.

सेलूच्या घरी दोघी आधीच अवघडून बसल्या होत्या. कडक आवाजाची परभणी, जिला आम्ही पन्नाशीची समजत होतो, ती काडीसारखी पोर निघाली. नाजूक आवाजाची मानवत चांगली दांडगी. समोरासमोर कुणालाच बोलता येईना. मला राहवलं नाही. म्हटलं, "परभणी, लाइन मेली का गं?"

"आगं बाई, ही जिंतूर!" तिघी एकदम ओरडल्या. हसल्या. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि हसू हळूहळू मावळलं. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती.

तेवढ्यात सेलूची सासू करंडा घेऊन आली. दोघींना कुंकू लावून माझ्यापाशी थबकली. "ही कोण गं?"

"जिंतूर हाय, आत्याबाई."

"आगं, पण हिला कसं..."

"आमच्यात माणसाला न्हाई, गावाला बोलावतेत," सेलू म्हणाली. "आन् जिंतूर लय नांदतं गाव हाय. रोज ऐकायले की मी."

म्हातारीनं बोट कुंकवात बुडवलं. "मान वर कर, जिंतूर," म्हणाली. मला रडूच फुटलं, आणि मानवत लगेच माझ्यासारखी साहेबांची नक्कल करायला लागली. इतकी वाईट केली की मला हसावंच लागलं.

परतीच्या एस.टी.तून उतरल्यावर, गल्लीच्या तोंडाशी, कुंकू पुसायला मी पदर हातात घेतला. पारावरच्या बायका माझ्याकडं बघून गप्प झाल्या होत्या. मी पदर सोडला आणि त्यांना विचारलं, "काय गं, लाइन मेली का?"