विल्यमचा सातबारा

सिंगापुरात यिशुनमधली माझी शेजारीण सुलेखा एकोणपन्नासाव्या वर्षी इतिहासाच्या पदवीला बसली, तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढलं. २०१४ साल होतं. पहिल्याच वर्षी ती इंग्लंडच्या पेपरात आपटली. पुन्हा नापास झाली असती, तर नाव कटलं असतं.

चूक खास तिचीच होती. ती सिन्नरकडच्या तलाठ्याची लेक, वडिलांच्या शेजारी बसून सातबारे वाचत वाढलेली. नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी गावोगावच्या जमिनी नोंदवून घेतल्या: आज कोणाकडे, नांगर किती, पूर्वी कोणाची. सुलेखाने ठोकून दिलं की वहीत ज्याचं नाव, तो मालक. सरांनी लाल शाईत लिहिलं, "मालक फक्त राजा. बाकीचे त्याच्याकडून जमीन धारण करणारे."

"सोड ना आता," मी म्हटलं. "विल्यमवाचून तुझं काय अडलंय?"

"अडलं काहीच नाही. पण अर्ध्यात सोडणार नाही."

मग पहाटे पाचला उठून पोळ्यांआधी अभ्यास, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याने टिपणं. नवरा संजीव कंटाळला, ही नाही. घराचे कागद काढून तिने मलाच शिकवलं, "बघ, फ्लॅट आपला नव्व्याण्णव वर्षं, जमीन सरकारची. हा विचार इंग्रजांबरोबर इथवर आला." मला ते मुळीच आवडलं नाही, पण कागद खोटं बोलत नव्हता.

त्याच विषयाच्या फेरपरीक्षेत, तोंडीला, सरांनी विचारलं, "ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचं काय उरलं?"

ती म्हणाली, "नाव. 'पूर्वी कोणाची' म्हणून. आमच्याकडे हक्क गेला की सातबाऱ्यावर नावाला कंस करतात. वडील गेल्यावर भावासाठी मी हक्कसोड लिहून दिली. बहिणी देतातच. कोणी तलवार काढली नाही, मीच सही केली. तरी त्या कंसातलं नाव बघून मी रडले. इंग्लंडातल्या त्या माणसांची नावं तर जिंकणाऱ्या परक्यांनी लिहिली."



ती पास झाली. निकाल दाखवायला आली, तेव्हा मला चेष्टा सुचली नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर माझंही नाव तसंच कंसात आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.